बिमार नसलेल्या घरची सफरचंदं

वैनगंगेच्या अलीकडे, चामोर्शीपासून दोन-तीन कोसांवर मोहटोला नावाचं गाव होतं. गावाभोवती धानाच्या बांध्या, बांध्यांपलीकडे जंगल, आणि गावाच्या मधोमध सुगंधाबाईचं घर. कोणाच्या चुलीवर आज काय शिजतंय हे तिला अंगणात उभं राहून नुसत्या धुरावरून कळतं, असं लोक म्हणत. तिला विचारलं तर ती म्हणायची, "धुरावरून नाई जी कळत. वासावरून कळते. धुरावरून येवढंच कळते का लाकडं ओली हायत."

सुगंधाबाई रांधणारी होती. घरोघरच्या बाया रांधतात तशी नव्हे. लग्न असो, तेरवी असो, मांडवामागे चर खणला जायचा, चरावर गंज, म्हणजे मोठाली पातेली, चढायचे आणि गंजांसमोर पदर खोचून सुगंधाबाई उभी राहायची. अंगानं बुटकी, आवाजानं उंच. तिनं घाटलेलं वरण पत्रावळीवर पडलं की म्हाताऱ्यांचे डोळे आपोआप मिटत, आणि तिच्या हातची वांग्याची भाजी खाण्यासाठी लोक भांडण झालेल्या भाऊबंदांच्या घरीही लग्नाला जात. या सगळ्याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवत नसे. 'मले येत नाई' हे तीन शब्द तिच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. एखादा पदार्थ येत नसला तर ती म्हणायची, "आमच्याकडं तो खात नाईत."

वैशाखातल्या एका लग्नात हा अभिमान तिला नडला.

तिची एकुलती एक लेक शकू बल्लारशाला दिली होती. जावई मुखरू तिथल्या कागदाच्या कारखान्यात नळ-पाइपाची कामं करायचा. मोठ्या साहेबाच्या बंगल्यातला नळ बिघडला की त्यालाच बोलावणं यायचं, आणि तिथून परतला की पुढचे कित्येक दिवस त्याच्या तोंडात बंगल्याशिवाय दुसरं काही नसायचं. त्या लग्नाच्या पंगतीत मुखरूनं वडा मोडला, चावला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "वडे बेस झाले, मामी. पण खाण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो, साहेबाकडचा केक म्हंजे केक. सफरचंदाचा. वरून लाल, आतून ओला. भट्टीतून निघाला का वास फाटकापर्यंत येते."

"कायचा म्हणे?" पंगतीतून कोणीतरी विचारलं.

"सफरचंदाचा."

"साहेब बिमार होता काय?"

पंगत हसली. मुखरू हसला नाही. तो म्हणाला, "तसा पदार्थ आपल्या इकडं होत नाई. त्याले हातच वेगळा लागते."

सुगंधाबाई भाताची परात घेऊन त्याच्यासमोरच उभी होती. तिनं परात खाली ठेवली. हाताचा विषय निघाला होता.

"दिवाळीच्या मंडईले या, जवाईबापू," ती म्हणाली. "मी करून घालीन."

"केक?"

"केकच. नाईतर काय कणकेचा उंडा?"

सगळ्या पंगतीनं हे ऐकलं. आता मंडईला केक झाला नाही, तर पुढच्या लग्नात ती गंजासमोर उभी राहिली की पंगतीतून हमखास आवाज येणार होता, 'केक कुठी हाय, सुगंधाबाई?' आणि एका लग्नात नाही, दर लग्नात. मोहटोल्याच्या लोकांच्या हाती एक गंमत लागली की ते ती पिढीभर पुरवून पुरवून खायचे. सुगंधाबाईला हे चांगलं ठाऊक होतं, कारण इतरांच्या गमती पुरवण्यात तिचाही हात सढळ होता.

पंगती उठल्यावर तिनं शकूला चुलीमागे ओढलं. "पोरी, केक कसा असते?"

"मले काय माहीत, माय? मी कुठी पायला?"

"नवऱ्याले विचार ना."

"हजार डाव विचारलं. सांगते तं वासाचंच सांगते. त्याच्यापुढं जात नाई."

पावसाळा त्या काळजीत गेला. नदी भरली, ओसरली, बांध्यांमधलं पाणी आटलं, हलका धान पिवळा होऊन वाकला. दिवाळी झाली की झाडीत, म्हणजे त्या जंगलपट्ट्यात, गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, रात्री दंडारीचा नाचगाण्याचा खेळ होतो, लेकी-जावई गाड्या जुंपून येतात. मोहटोल्याची मंडई जवळ आली, तशी सुगंधाबाई बाजाराच्या दिवशी चामोर्शीला गेली आणि मन्सूरभाईच्या दुकानासमोर उभी राहिली. मन्सूरभाईचं किराण्याचं दुकान. माल आणायला तो दर आठवड्याला चांद्याला जायचा, आणि तिथं रेल्वेनं आलेल्या नागपुराकडच्या वस्तू मिळायच्या.

"मन्सूरभाई, सफरचंदं आणून द्या. सहाक."

मन्सूरभाईचा हात तागडीवरच थांबला. "कोण बिमार हाय, बाई?"

"कोनी नाई."

"लटारूभाऊ?"

"आमचे घरधनी धडधाकट हायत. थोडं कमी खातीन तं मलेच बरं वाटंल."

"मग सफरचंद कायले पायजे?"

"खायले."

मन्सूरभाईनं तागडी खाली ठेवली. त्याला तिचा राग आला नाही, वाईट वाटलं. त्या काळी त्या मुलखात सफरचंद यायचं ते आजाऱ्याच्या उशाशी. जांभळं, बोरं, सीताफळं, चारं, टेंभरं ही खायची फळं. सफरचंद हे फळ नव्हतंच, ते औषध होतं, आणि तेही शेवटाकडचं. काढा झाला, जडीबुटी झाली, झाडपाल्याचा लेप झाला, चांद्याचा डॉक्टर झाला, की मग सफरचंद. त्यामुळे घरात कोणी आजारी नाही आणि सफरचंदं हवीत, हे ऐकून मन्सूरभाईनं एकच अर्थ काढला. बाई सांगत नाही, म्हणजे दुखणं मोठं आहे.

दुकानामागेच त्याचं घर. तिथं त्याची बायको सलीमा तांदूळ निवडत होती. सलीमाचे वडील आलापल्लीकडच्या जंगलातल्या डाकबंगल्यावर खानसामा होते, त्यांनी गोऱ्या साहेबांना केक खाऊ घातले होते, हे सुगंधाबाईला माहीत होतं. पाणी प्यायच्या निमित्तानं ती आत गेली. पाणी प्यायली. दुसरा पेला प्यायली. मग म्हणाली, "तुमच्यात केक कसा करतेत वो? आमच्याकडं जरा वेगळा करतेत, म्हणून विचारलं."

सलीमानं मान वर केली. "तुमच्याकडं कसा करतेत?"

"तुमी आंधी सांगा."

सलीमाच्या ओठांवर हसू आलं, ते तिनं ओढणीत पुसलं. "अब्बा लोणी आन् साखर हातानं फेटत. पांढरं शुभ्र होईपर्यंत. मग एक एक अंडा. मग मैदा, चिमूटभर खायचा सोडा, जराशी दालचिनी. सफरचंद अर्धे शिजवून त्याचा गर घालायचा, अर्धे बारीक चिरून. सफरचंदात कंजुसी नाई करायची. त्याच्यानंच तो ओला राह्यते. कमी पडले तं वाळल्या भाकरीसारखा होते."

"आन् भट्टी?"

"भट्टी कायची? जंगलात कुठं भट्टी होती? गंजात रेती, रेतीवर डबा, वर झाकण, झाकणावर निखारे. वरती विस्तव जास्त, खाली कमी. उलटं केलं तं खाली कोयसा आन् वर कच्चं. थंडा झाला का साहेब लोक चायसंग एक एक तुकडा खात. बस, चाय आन् केक."

सुगंधाबाईनं सगळं मनात बांधून घेतलं. "आमच्याकडंबी असाच करतेत," ती म्हणाली.

"मग काई चुकलं नाई ना माझं?"

"नाई. बरोबर सांगतलं तुमी."

पुढच्या बाजाराला सफरचंदं आली. मन्सूरभाईनं ती गवतात गुंडाळून टोपलीत ठेवली होती. टोपली देताना त्यानं आवाज खाली आणला, पण दुकानदाराचा खालचा आवाजही बाजारभर जातो. "खुदा खैर करंल, बाई. हिंमत ठेवा. लटारूभाऊले माझा सलाम सांगा."

शेजारी भागीरथा उभी होती, सुगंधाबाईची घरालगतची शेजारीण. ती मिरच्या विकायला आली होती. तिनं टोपलीकडे पाहिलं, सुगंधाबाईकडे पाहिलं, आणि मिरच्या तशाच टाकून ती तिच्यासोबत मोहटोल्यापर्यंत चालत आली. वाटभर एक शब्द बोलली नाही. भागीरथा बोलत नाही, यावरूनच सुगंधाबाईनं काय ते समजायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागीरथा पदराखाली अंडी घेऊन आली.

"सुगंधाबाई, आता लपवू नको. कवापासून हाय?"

"काय?"

"दुखणं."

"कोनाले?"

भागीरथानं हनुवटीनं घरापुढच्या पडवीकडे, सपरीकडे खूण केली. सपरीतल्या बाजेवर लटारू डोक्यावरून चादर घेऊन झोपला होता. ऊन चांगलं वर आलं होतं.

"अवो, ते रातभर वावरात जागले. रानडुकरं धानात घुसून राह्यली. आता झोपले हायत."

"हो, हो. झोपू दे," भागीरथा समजूतदारपणे म्हणाली. "माझ्या जेठालेबी शेवटी शेवटी झोपच येत होती."

दुपारपर्यंत सपरी भरली. लटारू जागा झाला तेव्हा त्याच्या बाजेभोवती आळीतली माणसं उकिडवी बसली होती. त्यांचे चेहरे पाहून तो घाबरला. कोण गेलं, असं त्यानं विचारलं.  पलीकडच्या गोंडांच्या पाड्यावरून म्हातारी सोमारी मध घेऊन आली होती. तिनं लटारूची जीभ पाहिली, डोळ्याची पापणी ओढून पाहिली, पोट दाबलं आणि म्हणाली, "याले काई नाई झालं. याले उठवा." पण सोमारीची नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही, असं सगळ्यांनी ठरवलं.

मग कोणीतरी विचारलं, "सफरचंद देल्लं का त्यायले?"

सगळ्या माना सुगंधाबाईकडे वळल्या. घरात सफरचंदं आहेत आणि बाई नवऱ्याला देत नाही, ही गोष्ट केकपेक्षा कितीतरी मोठी झाली असती. सुगंधाबाई आत गेली, विळीवर एक सफरचंद चिरलं आणि दात आवळून बाहेर आणलं. लटारूनं आयुष्यात पहिल्यांदा सफरचंदाची फोड तोंडात घातली, आणि त्याच घटकेला तो आजारी पडला.

संध्याकाळी लोक गेल्यावर ती बाजेजवळ येऊन उभी राहिली. "तुमी सांगत काऊन नाई, का मी बरा हाय म्हणून?"

"सांगतलं ना. भागीरथाबाई म्हणते, बरं वाटते म्हणनं हे काई चांगलं लक्षण नाई."

"मग उठा. वावरात जा."

"उठलो तं चार जणं धरून निजवतेत, शकूची माय. मी काय करू?" लटारूनं केविलवाणं तोंड केलं आणि आतल्या टोपलीकडे पाहिलं. "एखादी फोड उरली असन तं..."

"ती केकाची हायत."

"केक जवायासाठी. अन् मी?"

"तुमी डुकरं हाकला."

"बिमार मानूस डुकरं कसा हाकलीन?" लटारू म्हणाला, आणि खोकला. खोकला त्याला जमला नाही, पण त्या दिवसापासून तो सराव करायला लागला.

त्याच्या वाट्याची राखण आळीतल्या पोरांनी वाटून घेतली. तो दिवसा झोपायचा आणि रात्रीही झोपायचा. माणसं आली की फोड मागायचा नाही, नुसता कण्हायचा. मग माणसंच म्हणायची, "सुगंधाबाई, द्या ना त्यायले." दुसरं सफरचंद गेलं. तिसरं गेलं. चौथं भागीरथानं स्वतःच्या हातानं भरवलं.

सुगंधाबाई आतून उकळत होती. पण उकळता उकळता एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. तिच्या कोंबड्या खुडूक बसल्या होत्या, अंडी कुठून आणावीत याची तिला चिंता होती. आता भागीरथाची अंडी शिंक्यात होती. पाटलाच्या बायकोनं आजाऱ्यासाठी ताजं लोणी पाठवलं होतं. कोणी साखरेची पुडी आणली होती, सोमारीचा मध होता. केकाचं सगळं सामान आपल्या पायांनी चालत घरात येत होतं, फक्त सफरचंदं घरातून निघून जात होती. तेव्हा तिनं उरलेली दोन सफरचंदं उचलली, धानाच्या ढोलीत कोपरापर्यंत हात घालून खाली पुरली, आणि सपरीत येऊन जाहीर केलं, "सफरचंदं सरली."

"सरली?" लटारूनं विचारलं.

"सरली."

लटारूनं थोडा वेळ विचार केला. मग तो उठून बसला, पाय खाली सोडले, आणि भात मागितला. गाव म्हणालं, फळाचा गुण. फळ सरता सरता माणूस उठला.

मंडईचा दिवस उजाडला. सकाळपासून रस्त्यावर दुकानांचे बांबू ठोकले जात होते, आणि सुगंधाबाई घरात दार लोटून बसली होती. परातीत लोणी आणि साखर घेऊन ती तळहातानं फेटत होती. फेटता फेटता साखरेची खरखर हाताखाली मंदावत गेली, लोणी पांढरं होत गेलं, हलकं होत गेलं, आणि शेवटी हाताला असं लागू लागलं की जणू पहाटेच्या धुक्यात हात फिरतोय. तिनं अंडी फोडून घातली. मैदा घातला. सगळं कसं सलीमानं सांगितलं तसं. फक्त सफरचंदं दोनच होती, आणि सलीमाचा आवाज तिच्या कानात होता: कमी पडले तं वाळल्या भाकरीसारखा.

तिनं दोन्ही सफरचंदं समोर ठेवली आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग एक सालासकट पाट्यावर वाटलं. वरवंट्याखाली त्याचा रस निघाला, तो तिनं बोटानं निपटून वाटीत घेतला, एक थेंब पाट्यावर राहू दिला नाही. तो वाटलेला गोळा आणि रस सोमारीच्या मधात टाकून मंद आचेवर ठेवला. जांभळाच्या रंगाचा जंगलातला मध, त्यात सफरचंद शिजून शिजून मऊ झालं, पातळ झालं, आणि दोघांचा मिळून एक आंबटगोड वास उठला. दुसरं सफरचंद तिनं एवढं बारीक चिरलं की प्रत्येक घासात एखादा तरी तुकडा यावा.

धावड्याच्या लाकडाचे निखारे तिनं कालपासून राखून ठेवले होते. गंजात रेती, रेतीवर पितळी डबा, वर झाकण, झाकणावर विस्तव. चुलीत मात्र मोजकीच आच. मग ती समोर बसली. तिला हातानं काही करता येत नव्हतं, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. भाजी ढवळता येते, वरण घाटता येतं. हा पदार्थ आत एकटाच काय करतोय ते कळायला मार्ग नव्हता. थोड्या वेळानं तिनं झाकण उचलून झाडूची काडी खुपसली. काडी ओली निघाली. पुन्हा विस्तव. पुन्हा काडी, पुन्हा ओली. तिसऱ्यांदाही ओलीच निघाली तेव्हा तिनं काडी फेकली आणि नाक पुढे केलं. खालून किंचित जळका वास आला, वरून भाजल्या मधाचा. दोहोंच्या मध्ये कुठेतरी तो तयार असणार, असं समजून तिनं डबा उतरवला.

तेवढ्यात अंगणात गाडी थांबली. शकू गाडीतून उतरली ती रडतच. चामोर्शीला तिला कोणीतरी सांगितलं होतं की तुझा बाप शेवटच्या सफरचंदावर आहे.

"बाबा," म्हणून तिनं हंबरडा फोडला. लटारू सपरीत बसून तंबाखू मळत होता. त्यानं दचकून तंबाखू सांडली.

"काय झालं, पोरी? जवाई बरे हायत ना?"

मागून मुखरू आला. त्याच्या हातात पिशवी होती. "मामाजीसाठी," तो म्हणाला. सुगंधाबाईनं पिशवीत डोकावून पाहिलं. पिशवी सफरचंदांनी भरलेली होती. तिनं पिशवीकडे पाहिलं, उतरवलेल्या डब्याकडे पाहिलं, आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की लटारू तंबाखू गोळा करायला वाकला तो बराच वेळ वर आला नाही.

पण मुखरू दारातच थबकला होता. त्याच्या नाकपुड्या हलल्या. चेहरा पार बदलला.

"मामी," तो हळूच म्हणाला. "हाच तो वास."

सुगंधाबाईच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी, दंडारीच्या आधी, अंगणात पंगत बसली. भागीरथा होती, पाटलाचं घर होतं, सोमारी होती, वैशाखातल्या त्या लग्नात हसलेले सगळे होते. केक पाहायला आलो असं कोणी म्हणालं नाही. सगळे लटारूची तब्येत पाहायला आले होते. वरण, भात, वांग्याची भाजी झाली, आणि मग सुगंधाबाईनं पितळी डबा परातीत पालथा केला. केक निघाला. वरून लाल होता, एका अंगानं बसला होता, बुडाशी काळा पडला होता. तिनं विळ्यानं त्याचे तुकडे केले. आतून तो ओला होता, विळ्याला चिकटत होता, आणि कापलेल्या जागी सफरचंदाचे कण पाण्यात भिजलेल्या तांदळासारखे चमकत होते.

पहिला तुकडा जावयाच्या पत्रावळीवर पडला. मग सगळ्यांच्या. जावयानं खाल्ल्याशिवाय कोणी हात लावणार नव्हतं, म्हणून सगळे मुखरूकडे पाहू लागले. मुखरू केककडे पाहत होता. त्यानं तो एका बोटानं जरा सरकवला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. खाल्ला नाही.

"काऊन जी?" भागीरथानं विचारलं. "साहेबाकडच्यासारखा नाई झाला काय?"

"झाला ना. मी वाट पाहून राह्यलो."

"कायची?"

मुखरूचे कान लाल झाले. "वरणाची," तो म्हणाला.



"साहेब वरणासंग खाते?" पाटलानं विचारलं.

"म्हंजे... थोडं बाजूले घेते. कोरडा कसा खातीन?"

सुगंधाबाई विळा हातात धरून उभी होती, आणि त्या एका वाक्यात तिला सगळं दिसलं. साहेबाच्या बंगल्यातलं स्वयंपाकघर दिसलं. नळाखाली पाठीवर पडलेला, तोंडावर पाइपाचं पाणी ठिबकत असलेला मुखरू दिसला. वरून कोणीतरी केकाची ताटली घेऊन जातंय, वास खाली येतोय, ताटली खाली येत नाही. त्याला वासाशिवाय काही मिळालं नव्हतं. वैशाखात भर पंगतीत तिच्या हाताला नावं ठेवणाऱ्यानं केक जन्मात चाखला नव्हता.

साहेब लोक चहासंग खातात, एवढं एक वाक्य तिच्या जिभेवर आलं. ते वाक्य टाकलं असतं तर पुढच्या पिढीभर पंगतीत मुखरूचीच गंमत चालली असती, आणि सुगंधाबाईचं नाव वाचलं असतं. तिनं शकूकडे पाहिलं. शकू नवऱ्याकडे पाहत होती. मग शकूनं मान खाली घातली आणि ती पत्रावळीची काडी मोडू लागली. तिलाही कळलं होतं.

"माझंच ध्यान नाई राह्यलं," सुगंधाबाई म्हणाली. "शकू, वरण आन बाई. गरम कर."

वरण आलं. सगळ्यांच्या केकवर पळी पळी वरण पडलं, हिंग-लसणाची फोडणी दिलेलं, तुरीच्या डाळीचं. मुखरूनं केक वरणात कुस्करला, घास केला, तोंडात घातला, आणि डोळे मिटले. मग अंगणभर सगळ्यांनी कुस्करला.

"बेस हाय," पाटील म्हणाला. "पण पोट लवकर भरते."

"रोडग्यापेक्षा मऊ हाय," भागीरथा म्हणाली. "बिमार मानसाले चालंल."

 सोमारीनं वरण बाजूला सारलं आणि केक तसाच खाल्ला. लटारूनं दुसरा तुकडा मागितला आणि बायकोकडे न पाहता तो खाल्ला.

"मामी," मुखरू हात धुताना म्हणाला, "अगदी साहेबाकडल्यासारखा झाला. तसाच."

"असनच," सुगंधाबाई म्हणाली.

तिचा शब्द राहिला होता. पण ज्यानं निकाल दिला त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि असल्या निकालावर समाधान मानणारी ती बाई नव्हती. रस्त्याकडून दंडारीचा ढोल ऐकू आला. अंगण रिकामं झालं. मुखरूही गेला, लटारूही गेला, त्याच्या आजाराचा आता त्याला पत्ताच नव्हता. माय-लेकी तेवढ्या चुलीपाशी राहिल्या. परातीत एक शेवटचा तुकडा होता, बुडाशी काळा. सुगंधाबाईनं काळा भाग खरवडून काढला, उरलेल्याचे दोन भाग केले, एक शकूला दिला आणि एक स्वतः घेतला.

केक जिभेवर ठेवला तसा तो मोडला. आधी मध आला, त्यामागून आंबटपणा, मग दालचिनी दूर कुठेतरी. सफरचंदाचा एक कण दाताखाली आला आणि पाणी होऊन गेला. कोरडा नव्हता. वाळल्या भाकरीचं नावही नव्हतं. सुगंधाबाईनं सावकाश घास गिळला, मान हलवली, आणि आतल्या आत स्वतःला पास केलं. गोड जरा जास्त झाला होता, पण ते तिनं कोणाला सांगितलं नसतं.

"माय," शकू हळूच म्हणाली, "हा तं असाच चांगला लागते."

"लागते ना."

"मग तू काऊन नाई बोलली?"

सुगंधाबाईनं परातीतले कण बोटानं गोळा केले. "जवाई तुझा हाय. पंगत माझी हाय. दोघायची लाज एकाच पत्रावळीवर होती. कोनती वाढू?"

शकू हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता नीट आयक," सुगंधाबाई म्हणाली, आणि तिनं लोण्यापासून सुरुवात केली. कसं फेटायचं, किती पांढरं होऊ द्यायचं, सफरचंद पाट्यावर का वाटायचं, विस्तव वर का आणि खाली का नाही. सगळं सांगून झालं. पिशवीतली सफरचंदं तिनं शकूच्या गाठोड्यात बांधली आणि गाठ मारता मारता म्हणाली, "बल्लारशाले गेली का याचा केक कर. घरी दुसरं कोनी नसंल तवा कर. आंधी त्याले एक तुकडा कोरडाच दे. काई सांगू नको. नुसता दे, आन् मंग वरण पायजे का म्हणून विचार."

"आन् पायजे म्हणला तं?"

"तं दे," सुगंधाबाई म्हणाली. "नवरा तुझा हाय."